भिंतीवरचा मासा

३ जानेवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. अंगावर एक मोठे काम आले आहे. ते बिघडलेच, तर नेमके कुठे बिघडले हे मागाहून सापडायला हवे.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात एका छपाईच्या दुकानात बसतो. लग्नपत्रिका, दुकानांची कार्डे, माणूस गेल्यावरच्या बेसण्याचे, म्हणजे शोकसभेचे, मजकूर जुळवतो आणि शुद्धलेखन तपासतो. काल निरुपमाताई त्यांच्या एकांकिकेची निमंत्रणे घेऊन आल्या. त्या शाळेत शिकवतात, नाटके लिहितात आणि बसवतात. कोपऱ्यात जागा उरली होती म्हणून मी तिथे एक खिडकी काढून दिली. त्यांनी चष्मा वर करून पाहिले.

"हे गज मोजून काढलेस?"

"हो."

"मग मला एक भिंत काढून दे."

नाटकाचे नाव 'क्वार्टर नंबर सात'. निवृत्त झालेला स्टेशनमास्तर अप्पा रेल्वेचे क्वार्टर सोडत नाही. मुलगी समजावते, अधिकारी धमकावतो, शेवटी अप्पा निघतो. स्पर्धा ८ फेब्रुवारीला. परीक्षकांत मुंबईचे एक धंदेवाईक नेपथ्यकार आहेत आणि नेपथ्याचे बक्षीस ज्याला मिळते त्याला ते पुष्कळदा आपल्या हाताखाली घेतात, असे ताई म्हणाल्या. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला आणखी काय हवे? मी पत्रिकांवर गणपती चिकटवून चिकटवून थकलो आहे. गणपतीही थकला असेल.

घरी सांगितले. आई म्हणाली, "लोकांच्या भिंती रंगव. आपल्या मोरीचे पोपडे पडताहेत ते दिसत नाहीत."

५ जानेवारी, सोमवार

मंडळाच्या हॉलमध्ये तालमीला गेलो. माणसे तीनच आहेत.

अप्पाचे काम धनाजीराव करतात. त्यांना सगळे काका म्हणतात. स्वतः रेल्वेतून निवृत्त. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी नाटकात ते असतात असे म्हणतात आणि ते स्वतःही तेच म्हणतात. आवाज असा की हॉलमधल्या खुर्च्या हलतात. मुलीचे काम शर्वरी करते. ती बँकेत आहे. अधिकाऱ्याचे काम समरजित करतो. तो रिफायनरीत आहे, गोल आहे, आणि जांभळा शर्ट सोडून दुसरे काही घालताना मला दिसलेला नाही.

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "हा नेपथ्यकार? याला पाठीमागे उभा केला तर भिंतीची गरजच नाही. सरळ आहे, पांढरा आहे, बोलत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर वाईट वाटले.

९ जानेवारी, शुक्रवार

भिंत झाली. लाकडी चौकटींवर मांजरपाट ठोकला, खळ लावली, वर पांढरा डिस्टेंपर. खाली ओल चढल्याची पिवळी रेघ. स्विचबोर्ड. दिव्याने काळवंडलेला देवाचा कोनाडा. जुने कॅलेंडर काढले की मागे फिकट चौकोन राहतो तसा एक चौकोन. चौकोनावर मी खूष आहे.

समरजित म्हणाला, "अल्या, आ तो साचुं लागे छे!" आणि त्याने स्विच दाबून पाहिला. रंग ओला होता. आता स्विच परत काढावा लागेल.

काका मात्र भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "छान आहे. वाळत घातलेल्या धोतरासारखी. इथं, माझ्या उजव्या हाताला, एक घोडा काढ."

"घोडा?"

"घोडा. चार पायांचा."

"काका, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये घोडा कशाला असेल?"

"जन्म रेल्वेत घालवला मी. रेल्वेत काय असतं ते तू मला शिकवणार?"

मी ताईंकडे पाहिले. वाटले, आता त्या यांना झापतील. ताईंनी काकांकडे पाहिले, हातातली संहिता मिटली आणि म्हणाल्या, "काढ घोडा. अप्पाच्या मुलीनं लहानपणी काढलेला असेल. मुलं भिंतीवर काढतातच."

हे त्यांना त्याच क्षणी सुचले, ते मला स्पष्ट दिसले. शिकलेल्या बाईने असे उभ्या उभ्या निर्णय घ्यावेत याचे नवल वाटते.

१२ जानेवारी, सोमवार

माझा घोडा फारच घोड्यासारखा झाला आहे. ताई म्हणाल्या, "याला नाल पण मारलेस की! अरे, सहा वर्षांच्या पोरीनं काढलाय हा." शर्वरी म्हणाली, "मला तर अजून घोड्याचा गुडघा कुठल्या बाजूला वाकतो ते माहीत नाही."

डाव्या हाताने काढून पाहिला. लहान मुलीने काढलेला वाटत नाही, लकवा झालेल्या घोडेवाल्याने काढलेला वाटतो. आणखी तीन पुसले. शेवटी ताईंनी खडू हिसकावून घेतला, स्वतः दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "यावरून गिरव." गिरवला. घोड्याला मान नाही. यावर मला बक्षीस मिळायचे आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस उत्तरायण. सगळे गाव गच्चीवर होते, तालीम नव्हती. आज सगळ्यांचे घसे बसलेले आणि बोटे मांज्याने कापलेली. काकांच्या डोळ्यांवर अजून गॉगल होता. त्यांनी विचारले, "पोपट झाला का?"

"कुठला पोपट?"

"मी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मग आता सांगतो. डावीकडे, दाराशी, पोपट. हिरवा काढ. शहाणपणा करून निळा काढशील."

ताई लगेच म्हणाल्या, "काढ पोपट." त्यांना आता विचारण्यातही अर्थ राहिलेला नाही. हिरवा पोपट काढला. त्याला मान आहे. एकाला तरी असावी.

२० जानेवारी, मंगळवार

आज एक वांगे आणि एक मासा.

मी शांतपणे विचारले, "काका, तुमचा अप्पा ब्राह्मण दाखवलाय. भिंतीवर मासा चालेल?"

"मासा खायला सांगितलाय का? काढायला सांगितलाय. वांगं चांगलं मोठं काढ, चकचकीत. मध्यभागी."

समरजित म्हणाला, "काका, साथे रोटलो पण दोरावी दो ने!" म्हणजे सोबत भाकरीही काढून घ्या. काका त्याच्याकडे पाहून इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. एवढे हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही.

वाईट गोष्ट अशी की ताईंनी या भाजीबाजाराला धरून नाटकच बदलले आहे. आता अप्पा क्वार्टर सोडत नाही तो या चित्रांसाठी. नवा माणूस आला की रेल्वे भिंतीला चुना मारणार, म्हणजे पोरीचा घोडा जाणार. शेवटी संध्याकाळ होते, अप्पा भिंतीसमोर एकटा उभा राहून बोलतो आणि मग किल्ली ठेवून निघतो. शर्वरी नवीन पाने वाचता वाचता मध्येच थांबली आणि पाणी प्यायला गेली. ताई म्हणाल्या, "आत्ता कुठे हे नाटक झालं. आधी नुसता निबंध होता."

मी भिंत काढली ती नाटकासाठी. आता नाटक भिंतीसाठी लिहितात. माझी मात्र भिंत राहिली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

शर्वरीचे एक वागणे खटकले. ती बोलता बोलता पोपटासमोर आली की लगेच बाजूला सरकते. आज तीन वेळा सरकली. बहुतेक तिला पोपट आवडत नाही. समरजितही आपला प्रवेश संपला की वांग्यापासून लांब जाऊन उभा राहतो. म्हणजे माझे काम कोणालाच आवडत नाही, फक्त तोंडावर बोलत नाहीत. मराठी माणसाचे हेच असते. तोंडावर फक्त काका बोलतात, आणि चित्रे त्यांचीच.

२८ जानेवारी, बुधवार

प्रकाशयोजनेचा वरद पहिल्यांदाच येऊन गेला. तो बडोद्यातल्या सगळ्या गरब्यांना आणि लग्नांना दिवे लावतो. त्याला वेळ नसतो. भिंत पाहून म्हणाला, "अरे यार, ही भिंत आहे का कमाटीबागचं झू? तो मुंबईवाळा परीक्षक बघेल तर काय बोलेल? त्याला एकदम चोख्खं लागतं."

त्याने फोनवर गेल्या वर्षीचे बक्षीस मिळालेले नेपथ्य दाखवले. स्वच्छ. एक दार, एक खुंटी, एक डाग. डाग पाहून मला रडू आले. माझ्याकडे त्यापेक्षा चांगला डाग आहे आणि त्याच्या शेजारी मासा आहे.

मुंबईला जायचे ते यावर.

३० जानेवारी, शुक्रवार

केले. दुकानातून दुपारीच निघालो, हॉलची किल्ली घेतली आणि घोडा, पोपट, वांगे, मासा सगळ्यांवर दोन हात डिस्टेंपर फिरवला. नाटकातली रेल्वे जे करणार ते मीच केले, हे नंतर लक्षात आले. मग फिकट चौकोन परत काढला.

आता ती भिंत दिसते. ताई एकदा रागावतील, पण बक्षीस हातात आले की विसरतील. चित्रांचा उल्लेख संवादातून गाळायचा झाला तर मी पानांवर खुणा करून देईन. मला सगळे संवाद पाठ आहेत.

३१ जानेवारी, शनिवार

फार वाईट झाले.

काका आले, नेहमीप्रमाणे टोपी खुंटीला लावली, वळले आणि भिंत पाहिली. काही बोलले नाहीत. मला वाटले, शब्द सुचत नसतील कारण भिंत चांगली झाली आहे.

ताईंचे ओठ पांढरे पडले. पण सुरू करा म्हणाल्या.

बदलीच्या भाषणापाशी काका थांबले. उजव्या हाताला पाहिले. परत पाहिले. "मी... गोधऱ्याला..." मग गप्प. शर्वरीने आपले पुढचे वाक्य आधीच म्हणून त्यांना सावरायचा प्रयत्न केला. त्यांनी डावीकडे दाराशी पाहिले. तिथेही मी चोख काम केले होते. मग ते मधोमध उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवर हात फिरवला, एखादा माणूस काळोखात बटण शोधतो तसा.

इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "निरुपमा, आज बीपी जरा..."

त्यांना रिक्षाने तरसालीला घरी पाठवले. समरजित सोडायला गेला. जाताना त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्या रिफायनरीला आग लावली आहे. ताई मला एवढेच म्हणाल्या, "हेरंब, तू उद्या काकांना भेट."

बीपीमध्ये माझा काय दोष? पण तो हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

काकांनीच फोन करून सेव-उसळीच्या गाडीवर बोलावले. तिखट तर्रीत सेव बुडवत त्यांनी जे सांगितले ते मी इथे लिहितो आणि दुसरीकडे कुठेही बोलणार नाही.

"पाठ राहत नाही आता," ते म्हणाले. "वर्ष झालं. वाक्य तोंडात असतं आणि मग नसतं. चित्र दिसलं की येतं. म्हणून तुझ्या मागे लागलो."

"घोडा म्हणजे?"

"बदलीचं भाषण. घोडा, टांगा, सामान, गोधरा."

"पोपट?"

"शर्वरीची आणि माझी जुंपते ते. ती बोलते, मी तेच उलटं म्हणतो."

"आणि वांगं?"

"समरजितची एंट्री. त्याचं तोंड बघ एकदा, मग त्याचा शर्ट बघ."

मला ठसका लागला. म्हणजे त्या दिवशी ते त्यासाठी हसले होते.

"मासा शेवटचा. मासा दिसला की पाणी आठवतं, पाणी आलं की नळ, आणि नळ आला की 'या घरात नळाला पाणी आलं की तुझी आई गायला लागायची,' ते अख्खं भाषण बाहेर पडतं."

"प्रॉम्प्टर का नाही घेत? मी विंगेतून सांगतो ना."

"एक कान गेलाय. विंगेतून कोणी कुजबुजलं तर मला वाटतं शेजारी भांडण लागलंय, मी संवाद सोडून ते ऐकत बसतो." मग त्यांनी माझा हात धरला. हात तर्रीने तेलकट होता. "कुणाला सांगू नकोस. निरुपमेला कळलं तर ती मला काढून त्या वांग्याला उभं करेल. हे एक होऊ दे, तन्मय. मग मी घरी बसतो."

तन्मय हा त्यांचा मुलगा, कॅनडात असतो. आज त्यांनी मला दोनदा तन्मय म्हटले. माझा चेहरा साधा आहे, लोकांना कोणासारखाही वाटतो.

बक्षिसाचा विचार करायचा नाही असे मनाशी म्हणत घरी आलो, आणि वाटभर तोच विचार केला. मग हॉलवर जाऊन घोडा काढला. मानेशिवाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चारही चित्रे परत जागेवर आली. काका भिंत पाहून नुसते "हं" म्हणाले आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत घोड्यासारखे धावले.

हे गुपित आता जगात फक्त मला आणि काकांना माहीत आहे. जबाबदारी मोठी आहे. ताईंनी विचारले, "चित्रं परत का काढलीस?" मी म्हणालो, "रचनेच्या दृष्टीने भिंत रिकामी वाटत होती." त्या म्हणाल्या, "हो ना, मलाही रचनेच्या दृष्टीने तसंच वाटत होतं," आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. सर्दी असावी.

शर्वरी म्हणाली, "मासा जरा मोठा कर, हेरंब. काकांना... म्हणजे मागच्या रांगेला दिसेल असा." प्रेक्षकांची एवढी काळजी करणारी नटी मी पाहिली नाही. मासा मोठा केला. सुंदर निळा रंग दिला, खवले मात्र काढले नाहीत. समरजितला मी सहज म्हटले की अप्पाचे काम तुलाही छान शोभेल. खडा टाकून पाहिला. तो म्हणाला, "ना भाई. हुं तो रिंगणुंच बरोबर आहे." स्वतःला तो वांगे का म्हणाला ते कळले नाही. शर्टावरून असेल.

७ फेब्रुवारी, शनिवार

नाट्यगृहात तालीम. वरद उशिरा आला. त्याला एका रिसेप्शनला जायचे होते, म्हणून अर्ध्याच नाटकाचे दिवे लावून पाहिले. "शेवटचा सीन सोपा आहे, सांज आहे ने, उद्या करून देईन." चित्रे सगळी दिसतात. शेवटच्या रांगेत बसून स्वतः पाहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आले नाही.

पडदा उघडला तेव्हा लोकांनी भिंतीलाच टाळ्या वाजवल्या. मी विंगेत ताईंच्या शेजारी उभा होतो. घोडा आला, गोधरा आला. पोपट आला. वांग्याला तर हशा आला, कारण समरजित येऊन नेमका त्याच्यासमोर उभा राहिला आणि दोघे एकसारखे दिसले. काकांनी त्या हशावर एक क्षण असा काही रोखून धरला की मी त्यांचे आजवरचे सगळे टोमणे माफ केले.

मग शेवटचा प्रवेश. शर्वरी आत गेली, काका एकटे राहिले आणि वरदने सांज आणली.

निळी सांज. अख्खा रंगमंच निळा. पांढरी भिंत निळी झाली आणि त्या निळ्यात माझा निळा मासा विरघळून गेला. जिथे मासा होता तिथे भिंत होती. रंग मी दिवसाच्या उजेडात पाहून ठरवला होता. रंग दिव्याखाली काय करतो हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

काकांनी त्या जागेकडे पाहिले. परत पाहिले. प्रेक्षकांना आधी तो अभिनय वाटला. मग एक जण खोकला. मागून कोणीतरी ओरडले, "काका, मोठ्यांदा!" समोरच्या विंगेत शर्वरीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. ताईंच्या हातात संहिता होती, पण त्यांनी ती उघडलीही नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "हेरंब." एवढेच म्हणाल्या.

माझ्या खिशात कोळसा होता, डागडुजीसाठी. मी रंगमंचावर जाणार नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवले होते. गेलो. चप्पल फटक फटक वाजत होती. आपण कोण आहोत, अप्पाच्या घरात कसे आलो, काही ठाऊक नव्हते. लोकांकडे पाहिले असते तर तिथेच पडलो असतो, म्हणून सरळ भिंतीकडे चालत गेलो आणि मासा काढला. पट्टी नाही, खूण नाही. हात इतका थरथरत होता की शेपूट माशापासून वेगळे झाले आणि डोळा अंगाच्या बाहेर पडला.

काकांनी माशाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग ते हसले. "मासा," ते म्हणाले. हे संहितेत नाही. आणि मग, "या घरात नळाला पाणी आलं की तुझी आई गायला लागायची..."

अख्खे भाषण आले. एक शब्द पडला नाही. माझी अडचण वेगळीच होती. आत कसे जायचे ते मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी पडदा पडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिलो. मागे लोक नाक ओढत होते. मला वाटले, मला हसताहेत.

निकाल: नेपथ्याचे बक्षीस दुसऱ्या एका संस्थेच्या लिफ्टला मिळाले. अभिनयाचे पहिले काकांना. त्यांचे नाव पुकारले तरी ते बसूनच होते. त्यांच्या बायकोने, पद्माकाकूंनी, हात धरून उठवले. टाळ्या फार होत्या, ऐकू आले नसावे. दिग्दर्शनाचे पहिले ताईंना, त्या माशासाठी. आणि अभिनयाचे उत्तेजनार्थ मला.

मुंबईचे परीक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नेपथ्य गर्दीचं होतं. पण तुमचा तो थरथरणारा हात! किती दिवसांची मेहनत?"

मी म्हणालो, "सर, मला अभिनय येत नाही. मला नेपथ्यात घ्या. मी स्टेजवर जाऊच शकत नाही."

ते हसून बाजूच्या माणसाला म्हणाले, "बघा, बघा. अजून पात्रातून बाहेर आलेला नाही."

मुंबई गेली. वरदने पाठीवर थाप मारून सांगितले, "सांज एकदम मस्त होती ने?" सगळे बाहेर कॉफी पीत उभे असताना शर्वरी म्हणाली, "तू गेलास तेव्हा आम्ही सगळे मेलो होतो रे." मी विचारले, "सगळे का?" तेव्हा ती कॉफीत साखर नाही म्हणून साखर आणायला गेली. ती बिनसाखरेचीच पिते. काकांचे गुपित मी अजूनपर्यंत नीट सांभाळले आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पद्माकाकूंचा फोन. "घरची भिंत रंगवून हवी आहे, येशील?" घराचे काम मी करत नाही, असे म्हणणार होतो. पण गेलो.

तरसालीला त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. काका हिंचक्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "या, या," आणि पायाने झोका देत राहिले. काकूंनी मला आत नेऊन एकेक जागा दाखवली. गॅसच्या वर, बंद केलेले बटण काढायचे, मोठे. मोरीच्या दारावर तांब्या. बाहेरच्या दारावर आतून कडी. पलंगासमोर माणसे: तन्मय, त्याची मुलगी आणि काकू.

"तुम्ही तर घरातच असता, काकू. तुमचं चित्र कशाला?"

"असते. तरी काढ."

"लग्नातल्या फोटोवरून काढू?"

"नको. आत्ताची काढ. हीच साडी, हा चष्मा, या सुरकुत्या. तरुण काढशील तर मी आत आले की विचारतील, ही म्हातारी कोण."

सुरकुत्या मला चांगल्या जमतात, असे मी सांगितले. रंगाचेही समजावले: डिस्टेंपर बरा, कंटाळा आला तर ओल्या फडक्याने पुसून दुसरे काढता येते. त्या म्हणाल्या, "पुसलं जाणारं नको." मग ऑइलपेंट. पण त्याचा वास आठ दिवस घरात राहतो, डोके दुखते, हेही मी स्पष्ट सांगितले. "आम्ही बाहेर बसू," काकू म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

तन्मय आणि त्याची मुलगी फोटोवरून काढली. बरी आली. मग काकूंना स्टुलावर बसवून कोळशाने चेहरा आखायला घेतला. नाकाशी अडकलो. तीनदा मोजले, तीनदा पुसले.

मागे हिंचक्याची कडी थांबल्याचा आवाज आला. काका येऊन माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"हे कुणाचं नाक आहे?"

"काकूंचं."

"डोंबल. समरजितचं असेल."

त्यांनी माझ्या हातातला कोळसा घेतला, काकूंकडे पाहिलेसुद्धा नाही आणि भिंतीवर एकच रेघ ओढली, वरून खाली. मग कोळसा परत दिला आणि हिंचक्यावर जाऊन बसले.

काकू स्टुलावरून हलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हाही हे नाकावरूनच बोलले होते."

रेघ तिरकी होती. मी ती सरळ करायला फडके उचलले आणि एकदा ताडून पाहावे म्हणून काकूंच्या चेहऱ्यापुढे पट्टी धरली. नाक तिरकेच आहे. इतका वेळ मी ते सरळ काढत होतो. फडके ठेवून दिले, आणि काकांच्या रेघेवरूनच ऑइलपेंट चढवला.